पुडक्यावरची तारीख



भाजी चांगली की शिळी, हे ठरविण्यासाठी आपल्या आज्यांना कधी चष्मा लावून अक्षरे वाचावी लागली नाहीत. भेंडीचे टोक मोडून पाहावे, मटाराची शेंग बोटांत दाबून पाहावी, कोथिंबिरीची जुडी झटकून नाकाशी न्यावी आणि भाजीवालीची नजर चुकवून दुधीला हळूच नख लावावे, एवढ्यावर त्यांचा बाजार होत असे. या विद्येची परीक्षा रोजच्या जेवणात होई आणि तिचा निकाल घरातील मंडळी तेथल्या तेथे सांगून टाकीत.

आता बाजाराचे रूप पालटले आहे. आपल्या हाताने माल उचलून घ्यावयाची दुकाने आपल्याला अगदी नवी आहेत असे नाही. मुंबईत नायगाव येथे १९४८ साली गिरणी कामगारांच्या सहकारातून ‘अपना बाजार’ उभा राहिला आणि दिल्लीत १९६६ साली ‘सुपर बाजार’ उघडला. परंतु भाजी आणि फळे ही त्या काळी बहुधा मंडईतूनच येत. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत मात्र शहरोशहरी जी मोठी दुकाने निघाली, त्यांत सिमला मिरच्या तबकात बसवून वर पारदर्शक कागदाने मढविलेल्या असतात, पालक पिशवीत असतो, डाळिंबाचे दाणे डबीत असतात आणि प्रत्येकावर एक चिठ्ठी व चिठ्ठीवर एक तारीख असते. भाजीला हात लावण्याची सोय नाही आणि नख लावण्याची तर नाहीच. राहता राहिली ती तारीख. ती काय सांगते आणि काय सांगत नाही, हा आजच्या हितगुजाचा विषय आहे.

या विषयाकडे माझे लक्ष वेधले ते टहरौली येथील एका प्रसंगाने. टहरौली हे उत्तर प्रदेशातील झाशी जिल्ह्याचे तहसिलीचे गाव. बुंदेलखंडाच्या या मुलखाशी मराठी माणसाचा संबंध जुना आहे. येथून फार दूर नसलेल्या गुरसराय येथे गोविंदपंत बुंदेले यांच्या खेर घराण्याची गादी होती, हे इतिहासप्रेमी वाचकांस ठाऊक असेलच. आजही झाशीच्या बाजूस मराठी घरे आहेत. त्यांपैकीच एक कुटुंब नोकरीनिमित्त टहरौलीस राहते आणि होळीच्या आधीच्या आठवड्यात मी त्यांच्याकडे पाहुणी म्हणून गेले होते. घरात सासूबाई, मुलगा, सून आणि पाच वर्षांची नात. सासूबाईंचा भरवसा गावच्या हाटावर. वांग्याला इकडे ‘भटा’ म्हणतात. तो भटा, चाकवत आणि हरभऱ्याचा कोवळा पाला त्या स्वतः निवडून आणीत. सूनबाई शहरात वाढलेल्या. महिन्यातून एकदा झाशीस जाऊन तेथील मोठ्या दुकानातून फळे-भाज्यांच्या पिशव्या भरून आणण्याचा त्यांचा परिपाठ होता.

त्या रविवारी आलेल्या सामानात सिमला मिरच्यांचे एक तबक आणि सोललेल्या डाळिंबाच्या दाण्यांची एक डबी होती. गुरुवारी सकाळी सूनबाईंनी मिरच्यांचे तबक न उघडताच कचऱ्याच्या बादलीत टाकले. कारण चिठ्ठीवरची तारीख बुधवारची होती. सासूबाईंनी ते पाहिले, बादलीतून ते तबक काढले आणि म्हणाल्या, “काल तारीख संपली म्हणून मिरची काय रातोरात विषारी झाली?” मिरच्या टणक होत्या, देठ हिरवे होते, फक्त एकीच्या सालीवर सुरकुती होती. संध्याकाळी त्यांची पीठ पेरून भाजी झाली. ती सर्वांनी आवडीने खाल्ली आणि कोणासही काही झाले नाही.

शुक्रवारी दुपारी मात्र उलट घडले. रविवारी उघडून अर्धी संपविलेली डाळिंबाची डबी फडताळात मागे राहिली होती. तिच्यावरची तारीख मंगळवारची. दाण्यांना किंचित आंबूस वास येत होता. पण आदल्या दिवशीच्या विजयाने सासूबाईंना धीर आलेला. अन्न टाकणे त्यांच्या जिवावर येई. त्यांनी दाण्यांवर साखर भुरभुरविली आणि वाटी नातीपुढे ठेवली. सूनबाई घरात नव्हत्या. मी तेथेच बसले होते. तो वास माझ्याही नाकापर्यंत आला होता. पण पाहुणीने यजमानीणबाईंच्या स्वयंपाकघरात कशाला बोलावे, अशा विचाराने मी गप्प राहिले. रात्री मुलीला उलट्या आणि जुलाब सुरू झाले. जलसंजीवनीचे पाणी चमचा-चमचा पाजीत सर्वांनी रात्र काढली आणि सकाळी तिला दवाखान्यात नेले. दोन दिवसांत ती बरी झाली. डाळिंबानेच हे झाले असे डॉक्टरांनी छातीठोकपणे सांगितले नाही, तसे सांगताही येत नसते. परंतु सासूबाई त्या दोन दिवसांत नीट जेवल्या नाहीत आणि मलाही माझे गप्प राहणे अजून टोचते.

विचार केला असता असे दिसेल की, त्या घरात दोघींचीही चूक एकच होती. सूनबाईंनी सगळ्या तारखा खऱ्या मानल्या, सासूबाईंनी सगळ्या खोट्या मानल्या. तारखा-तारखांत भेद असतो, हे दोघींपैकी कोणासच कोणी सांगितले नव्हते.

तारखा तीन, अर्थ तीन

आपल्याकडील पुडक्यांवर बहुधा तीन प्रकारच्या तारखा आढळतात. त्या बव्हंशी इंग्रजीत असतात म्हणून त्यांचे उच्चार जसेच्या तसे देते.

पहिली ‘पॅक्ड ऑन’. माल ज्या दिवशी पुडक्यात भरला तो हा दिवस. ही तोडणीची तारीख नव्हे, हे नीट लक्षात ठेवावे. बटाटे उत्तर भारतात फाल्गुनाच्या सुमारास खणले जातात आणि शीतगृहात ठेवून पुढे दिवाळीपर्यंत विकले जातात. सफरचंदे भाद्रपद-आश्विनात झाडावरून उतरतात, पण विशेष प्रकारच्या शीतगृहांतून ती चैत्र-वैशाखातही येतात. अशा मालावर कालची तारीख असली तरी तो कालचा नसतो. त्यात फसवणूक आहे असे नाही, फक्त त्या शब्दांचा अर्थ तेवढाच आहे.

दुसरी ‘बेस्ट बिफोर’. या तारखेपर्यंत माल आपल्या उत्तम स्थितीत राहील, असे भरणारा सांगत असतो. ही गोष्ट दर्जाची आहे. तारीख उलटल्यावर पदार्थाची चव, रंग वा कुरकुरीतपणा थोडा उणावेल. पण तो खाण्यास योग्य असू शकतो.

तिसरी ‘यूज बाय’ किंवा ‘एक्स्पायरी’. ही वापराची अखेरची तारीख. ही गोष्ट सुरक्षिततेची आहे. ती उलटली की पदार्थ विकू नये आणि खाऊही नये, मग तो दिसावयास कितीही चांगला असो.

सूनबाईंनी टाकलेल्या मिरच्यांवर ‘बेस्ट बिफोर’ होते आणि सासूबाईंनी वाढलेल्या डाळिंबावर ‘यूज बाय’. सर्व अनर्थ या दोन शब्दांच्या फरकातून झाला.

कायदा काय म्हणतो

अन्नभेसळीस आळा घालणारा आपला पहिला अखिल भारतीय कायदा १९५४ सालचा. पुढे २००६ साली अन्न सुरक्षा व मानके कायदा झाला आणि त्याखाली स्थापन झालेले भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरण आज पुडक्यांवरील मजकुराचे नियम ठरविते. या प्राधिकरणाच्या २०२० सालच्या नियमांप्रमाणे पुडक्यातील अन्नावर ते तयार केल्याची वा भरल्याची तारीख आणि वापराची अखेरची तारीख देणे आवश्यक आहे. ‘बेस्ट बिफोर’ ही जोडीची, ऐच्छिक माहिती होय.

आता यातील महत्त्वाचा अपवाद पाहा. ताजी फळे, भाज्या आणि कंद हे जर सोललेले, चिरलेले किंवा तत्सम संस्कार केलेले नसतील, तर त्यांच्यावर वापराची अखेरची तारीख छापण्याची सक्ती नाही. नियम करणाऱ्यांनी ही सूट दुकानदाराच्या सोयीसाठी दिली असे कोणास वाटेल. पण तिच्यामागे निसर्गाची एक साधी गोष्ट आहे. अख्खी भाजी ही तोडल्यावरही जिवंत असते.

तोडलेली भेंडी, टोमॅटो, पालक ही सारी श्वासोच्छ्वास करीत असतात. साठविलेली साखर वापरतात, ऊब आणि वाफ बाहेर टाकतात आणि हळूहळू थकत जातात. हा श्वास भाजीगणिक निराळा. मटार, भेंडी आणि पालेभाज्या यांचा जोराचा, कांदा-बटाट्याचा मंद. शिवाय तपमान सुमारे दहा अंशांनी वाढले की हा वेग दुपटी-तिपटीने वाढतो. बुंदेलखंडात मटाराचे पीक मोठे. सकाळी तोडलेला मटार संध्याकाळी उन्हात ठेवलेल्या पोत्यातून काढून पाहा, त्याची गोडी उणावलेली असते, कारण त्यातील साखरेचे पीठ होऊ लागलेले असते. तोच मटार गार जागी ठेवला तर दोन-तीन दिवसही गोड राहतो. मग एकाच मटाराला एकच तारीख कशी द्यावी? छापणाऱ्याला ना आपल्या घरची ऊब ठाऊक, ना झाशीहून टहरौलीपर्यंतच्या दीड-दोन तासांच्या प्रवासात मोटारीतल्या पिशवीवर पडलेले ऊन.

ही अडचण इतर देशांनाही जाणवली आहे. ब्रिटनमध्ये २०२२ साली मार्क्स अँड स्पेन्सर या मोठ्या दुकानसाखळीने तीनशेहून अधिक फळे-भाज्यांवरील ‘बेस्ट बिफोर’ तारखा काढून टाकल्या आणि त्याच वर्षी वेटरोझ या दुसऱ्या साखळीनेही तोच मार्ग धरला. लोकांनी तारीख पाहून चांगली भाजी फेकून देऊ नये, स्वतःच्या नजरेने ठरवावे, हा त्यामागचा हेतू. कागद छापण्यात जे पुढारलेले, तेच पुन्हा डोळ्यांकडे वळले, हे आपल्या आज्यांना ऐकून बरे वाटले असते.

चिरलेल्याची गोष्ट वेगळी

परंतु येथेच सासूबाईंची वाट चुकली. अख्ख्या फळाला सालीचे कवच असते. ते काढले की आतील रस, साखर आणि ओलावा उघडा पडतो आणि सुरीवरचे, हातावरचे, सालीवरचे जंतू त्यावर सुखाने वाढू लागतात. म्हणून सोललेली डाळिंबे, चिरलेली पपई, कापलेले कलिंगड, किसलेले गाजर आणि मिश्र कोशिंबिरीच्या पिशव्या यांच्या तारखेबाबत हयगय करू नये. पपई आणि खरबूज यांत आंबटपणा कमी असल्यामुळे तर अधिकच जपावे.

आणखी एक गोष्ट. डबीवरची तारीख ही न उघडलेल्या आणि सांगितलेल्या थंडाव्यात ठेवलेल्या डबीची असते. चिठ्ठीवर बारीक अक्षरांत ‘पाच अंशांखाली ठेवा’ असे काही लिहिलेले असते, तेही तारखेइतकेच महत्त्वाचे. डबी उघडली किंवा ती फडताळात राहिली की छापलेली तारीख रद्द झाली असे समजावे. चिरलेले फळ बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये आणि उन्हाळ्यात, जेव्हा बुंदेलखंडात वा विदर्भात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तेव्हा एक तासही पुष्कळ झाला. टहरौलीची ती डबी रविवारी उघडलेली आणि पाच दिवस फडताळात पडलेली होती. मंगळवारची तारीख तिच्या बाबतीत रविवारीच संपली होती.

जंतूंचा धोका किरकोळ समजू नये. अमेरिकेत २०११ साली एका शेतावरील खरबुजांतून लिस्टेरिया नावाच्या जंतूची लागण पसरली आणि तीसहून अधिक माणसे दगावली. खरबुजे अख्खी होती, पण जंतू सालीवर होते. यावरून घ्यावयाचा धडा असा की, साल काढून टाकावयाची असली तरी फळ आधी वाहत्या स्वच्छ पाण्याखाली चोळून धुवावे, मगच सुरी लावावी. त्याच वर्षी जर्मनीत मेथीच्या मोडांतून पसरलेल्या रोगाने पन्नासाहून अधिक लोक मृत्यू पावले. मोड यावयास जी ऊब आणि ओल लागते, तीच जंतूंनाही मानवते. आपल्याकडे मटकी-मुगाची उसळ शिजवून खाण्याची रीत आहे, ती या दृष्टीने शहाणपणाची आहे. दुकानातून आणलेले मोड कच्चे खावयाचे असतील तर त्यांची तारीख अवश्य पाहावी. लहान मुले, गर्भवती स्त्रिया आणि वृद्ध यांना तर ते शिजवूनच द्यावेत.

तारीख जे सांगत नाही

काही दोष असे आहेत की ज्यांचा तारखेशी संबंधच नाही. दुधी भोपळा कालच तोडलेला असला तरी कडू निघू शकतो. त्या कडवटपणाचे द्रव्य पोटास फार घातक असते. दुधीचा कडू रस पिऊन आपल्या देशात माणसे दगावल्याची उदाहरणे आहेत. म्हणून दुधी वा काकडी चिरल्यावर लहानसा तुकडा जिभेवर ठेवून पाहावा आणि कडू लागल्यास थुंकून फळ टाकून द्यावे. बटाटा हिरवा पडला असेल तर तोही घेऊ नये. त्या हिरवेपणासोबत विषारी द्रव्य वाढलेले असते. नुसते बारीक डोळे फुटले असतील आणि बटाटा टणक असेल, तर डोळे खोल कोरून काढून तो वापरण्यास हरकत नाही.

फळांवरील लहान गोल चिकटपट्टीचाही पुष्कळांना भ्रम होतो. केळ्यावर ४०११ हा आकडा असतो, तो तारखेचा नव्हे, तो फळाच्या जातीचा संकेत आहे. पाच आकडी संख्येच्या आरंभी ९ असेल तर ते फळ सेंद्रिय पद्धतीने पिकविलेले, एवढाच त्याचा अर्थ. चकचकीत सफरचंदावर मेणाचा थर असू शकतो. काही नैसर्गिक मेणांस परवानगी आहे, पण तसे पुडक्यावर लिहिणे आवश्यक आहे. आणि आंबा वा केळी कॅल्शियम कार्बाइडने पिकविण्यास आपल्या देशात बंदी आहे. इथिलीन वायूने ठरावीक प्रमाणात पिकविण्यास आहे ती परवानगी. यांपैकी काहीही तारखेवरून कळत नाही. वरून पिवळाधमक पण आतून कच्चा, वास नसलेला आंबा दिसल्यास शंका घ्यावी.

घरी पारखावयाची रीत

तर मग गृहिणीने करावे काय? पुडके हाती आले की चार प्रश्न क्रमाने विचारावेत.

पहिला, माल अख्खा आहे की चिरलेला? चिरलेला असेल तर तारीख हीच शेवटची आज्ञा. दुसरा, चिठ्ठीवर शब्द कोणता आहे? ‘यूज बाय’ असेल तर वाद नाही, ‘बेस्ट बिफोर’ असेल तर पुढे पाहावे. तिसरा, हे पुडके कोठे आणि कसे राहिले? दुकानातील थंड कपाट गार होते का, प्रवासात ऊन लागले का, घरी वीज किती वेळ गेली होती? चौथा, डोळे, नाक आणि बोटे काय सांगतात?

या चौथ्या प्रश्नाचे उत्तर देताना कोमेजणे आणि सडणे यांत फरक करावा. सुरकुतलेले गाजर, मलूल पडलेली कोथिंबीर, सालीवर घडी पडलेली मिरची, काळे ठिपके पडलेले केळे ही फक्त पाणी उडालेली वा पिकलेली आहेत. गाजर व कोथिंबीर गार पाण्यात अर्धा तास ठेवली की पुष्कळदा टवटवीत होतात. केळ्यांचे शिकरण होते. याउलट भाजी बुळबुळीत लागली, पिशवीत पाणी साठले, वास आंबूस वा कुबट आला, तर ती टाकावी. बुरशीचा नियमही ध्यानात ठेवावा. स्ट्रॉबेरी, टोमॅटो, द्राक्षे अशा मऊ फळांवर बुरशी दिसली की ते फळ सबंध टाकावे, कारण बुरशीचे धागे आत दूरवर गेलेले असतात. त्याच्या शेजारची फळेही एकेक तपासून घ्यावीत. कोबी वा गाजर यांसारख्या टणक भाजीवर लहानसा डाग असेल तर भोवतालचा इंचभर भाग कापून उरलेली वापरता येते. सडलेल्या सफरचंदाचा ‘चांगला’ भाग काढून रस करण्याचा मोह मात्र टाळावा; त्या सडण्यातून निर्माण होणारे विष रसात उतरते.

२०२१ च्या जानेवारीत झाशीत स्ट्रॉबेरी महोत्सव भरला होता. या कोरड्या मुलखात असे नाजूक फळ पिकू लागले ही आनंदाची गोष्ट. परंतु अशी फळे पारदर्शक डबीतून घेताना डबी उलटी करून तळ पाहावा. वरची रांग नेहमीच देखणी असते. तसेच एका चिठ्ठीवर दुसरी चिठ्ठी चिकटविलेली दिसली, किंवा तारीख खोडलेली आढळली, तर तो माल घेऊ नये आणि दुकानदारास तसे स्पष्ट सांगावे. दाद न लागल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक सहायता क्रमांकावर तक्रार नोंदविता येते. त्यासाठी पावती आणि पुडके मात्र जपून ठेवावे.

साठवण

तारखेपेक्षाही साठवण महत्त्वाची. केळी, टोमॅटो, कांदे आणि बटाटे फ्रिजमध्ये ठेवू नयेत. केळ्याची साल थंडीने काळवंडते आणि टोमॅटोची चव जाते. कांदे आणि बटाटे एका टोपलीत ठेवू नयेत. दोन्ही लवकर बिघडतात. पिकणारी केळी, सफरचंदे, आंबे आणि पपया इथिलीन नावाचा वायू सोडतात. त्यांच्याजवळ पालेभाजी ठेवली तर ती लवकर पिवळी पडते. हिरवे टोमॅटो पिकवावयाचे असल्यास मात्र त्याच वायूचा उपयोग करून घेता येतो. ते एका पिकल्या केळ्याबरोबर कागदी पिशवीत ठेवले म्हणजे झाले. पालेभाजी धुऊन ओली ठेवू नये; निवडून, कोरड्या फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवावी आणि वापरताना धुवावी.

फ्रिज नाही किंवा वीज टिकत नाही, अशा घरांसाठी एक स्वस्त युक्ती आहे. दिल्लीच्या पुसा येथील भारतीय कृषी संशोधन संस्थेने विजेशिवाय चालणारा शीतकक्ष तयार केला आहे. विटांच्या दोन भिंती एकीत एक बांधावयाच्या, मधल्या तीन इंचांच्या फटीत वाळू भरावयाची, सकाळ-संध्याकाळ वाळू भिजवावयाची आणि वर गवताचे ओले झाकण घालावयाचे, एवढीच त्याची रचना. आपल्या माठातले पाणी ज्या कारणाने गार होते, तेच येथे घडते. हवा जितकी कोरडी तितका हा कक्ष अधिक गार, म्हणून बुंदेलखंड, मराठवाडा, विदर्भ अशा भागांत तो चांगला उपयोगी पडतो. ऐन उन्हाळ्यात बाहेरच्यापेक्षा दहा-बारा अंश गारवा मिळू शकतो.

या सर्व खटाटोपाचे मोल काय, असा प्रश्न मनात येईल. लुधियानाच्या कापणीपश्चात अभियांत्रिकी संस्थेने २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत आपल्या देशातील फळे-भाज्यांची नासाडी पिकागणिक ४.५८ ते १५.८८ टक्के आढळली. ही नासाडी शेतापासून बाजारापर्यंतची झाली; घरातील बादलीचा हिशेब निराळाच. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागाने २०२४ साली दिलेल्या अंदाजाप्रमाणे २०२२ या एका वर्षात जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यांतील सुमारे ६० टक्के घराघरांतून. टहरौलीच्या परिसरात पाण्याचे दुर्भिक्ष काय असते हे ज्याने पाहिले आहे, त्याला एका सिमला मिरचीमागे किती पाणी आणि किती घाम गेला असेल हे निराळे सांगावयास नको. सासूबाईंना अन्न टाकवत नव्हते, ते यामुळेच. त्यांची भावना खोटी नव्हती, फक्त त्या दिवशी तिच्या जोडीस माहिती नव्हती. आणि सूनबाईंनी तारखेचा आदर केला, तोही मुलीच्या काळजीपोटीच.

माझ्या निघण्याच्या दिवशी मुलगी अंगणात खेळत होती. सासूबाई हाटातून आणलेला चाकवत निवडीत होत्या आणि सूनबाई चिठ्ठ्यांवरचे शब्द त्यांना वाचून दाखवीत होत्या. फ्रिजच्या दारावर सूनबाईंनी एक कागद चिकटविला होता. त्यावर सासूबाईंनी सांगितलेल्या आणि सुनेने लिहिलेल्या दोन ओळी होत्या: ‘चिरलेले असेल तर तारीख पाहावी. अख्खे असेल तर भाजी पाहावी.’

आपणही आज आपल्या फ्रिजमधील एक-दोन पुडकी काढून त्यांवरील शब्द वाचून पाहावेत, आणि घरातील वडीलधाऱ्यांस व मुलांस त्यांचा अर्थ सांगावा. आणि कोणाच्या वाटीत आंबूस वासाचे फळ पडताना दिसले, तर पाहुणे असलात तरी गप्प बसू नये, एवढीच विनंती.